नाम हेच तर्पण

भाविकहो, हरसूलहून त्र्यंबकेश्वरी येऊन यात्रेकरू कुशावर्तावर तर्पणास बसतो, तेव्हा पिता, पितामह, प्रपितामह या वसु-रुद्र-आदित्यस्वरूप तीन पिढ्यांची नावे उच्चारावी लागतात. अनेकांची वाणी आजोबांपाशीच थांबते. अशा वेळी तीर्थोपाध्यायांची वही उघडते. पूर्वी यात्रेस आलेल्या वाडवडिलांची नावे, गावे, क्वचित मोडीतील अक्षरे तेथे भेटतात. परंतु जे येथवर कधी आलेच नाहीत, त्यांची नोंद केवळ घरातील वृद्धांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबरच ती लोप पावते. म्हणून घरी परतताच ज्येष्ठांजवळ बसावे, आजी-पणजीचीही नावे व माहेरे विचारून लिहावीत, एक प्रत मुलांच्या हाती द्यावी. पितृऋण केवळ जलांजलीने फिटत नाही. नाव जपणे हेही तर्पणच होय. ॥ शुभं भवतु ॥