अंगणातला नकाशा

शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली मुलं पावसाळ्यात गावात राहायला येतात. अभ्यासक्रमातच तशी सोय आहे; ग्रामीण कृषी कार्यानुभव असं त्याचं भारदस्त नाव. गावात मात्र ती कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखली जातात. बियाण्याला औषध कसं चोळायचं, बोर्डो पेस्ट कशी करायची आणि खोडाला कुठवर लावायची, हे ती बांधावर जाऊन दाखवतात. त्यांच्या ठरलेल्या कामांतलं एक मला फार आवडतं. एखाद्या अंगणात किंवा देवळाच्या ओट्यावर माणसं जमवून ती रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. शाळा, विहीर, पाडे, ओढा, कुणाच्या शेतात काय पिकतं, सगळं त्यात येतं. पहिल्यांदा रेघा मुलंच ओढतात. मग कडेला उभी असलेली एखादी आजी पुढे होते. "विहीर तिथं नाय रे बाला, चिंचेच्या पलीकडं," असं म्हणून ती हाताने रांगोळी पुसते आणि दुसरीकडे चिमूट सोडते. त्यानंतर नकाशा गावाचा होतो.

डहाणू तालुक्यात शिक्षणाने लोकांच्या दारी जायची गोष्ट जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. टेकडीवर शाळा होती, पण वारली मुलं तिथे येत नव्हती. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन मोठी बहीण घरी, आणि दादा गुरांमागे कुरणात. दोघींनी मुलांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. भावंडासाठी पाळणाघर, त्याच्यापेक्षा मोठ्यांसाठी बालवाडी आणि त्याच छपराखाली प्राथमिक शाळा अशी विकासवाडी त्यांनी उभी केली. गुरं सोडून जे येऊच शकत नव्हते त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं हीच मोजायला आणि जुळवायला घेतली. अंगणवाडी आज गावोगाव आहे. तिची पाळंमुळं शोधत गेलं की आपण या दोघींपाशी येऊन पोचतो.

त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. डॉ. जयंतराव पाटलांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. पुढे ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले. एका टेकडीवर बालवाडी आणि शेतकी शेजारी-शेजारी असावी, हे मला मोठं भाग्याचं वाटतं. दोन्हीकडे शिकवणाऱ्याला आधी समोरच्याचं जगणं शिकावं लागतं. भोवताली चिकूच्या वाड्या आहेत. इथल्या चिकूला 2016 मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. आंब्याला रंग चढतो, वास सुटतो. चिकू झाडावर असेपर्यंत तसं काहीच सांगत नाही. वाडीतली बाई फळ हातात घेते, अंगठ्याने वरची भुकटी पुसते आणि नखाने साल जराशी खरवडते. खाली हिरवी रेघ उमटली तर फळ अजून कोवळं, पिवळट उमटली तर काढायला आलेलं. पुस्तकातही हे लिहिलेलं असतं, पण किती खरवडायचं ते त्या बोटाकडे बघूनच कळतं.

आता वरोरचा विचार करा. हे डहाणू तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव, वाढवणच्या शेजारचं. इथल्या अंगणात असा नकाशा निघाला तर पश्चिमेला समुद्र, मग होड्या, मग बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव येतील. त्यामागे घरं आणि घरांत डायचे कारखाने. कारखाना म्हणजे बहुधा एक खोली. दिव्याच्या उजेडात मान वाकवून कारागीर पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने बारीक नक्षी कोरत असतो. त्या साच्यावर पुढे सोन्याचे दागिने उठतात. आणखी पूर्वेला भाताची खाचरं, भाजीचे वाफे, वाणगावकडे जाणारा रस्ता. खाडीच्या बाजूला खाजण आणि तिवरं. शेतकीच्या मुलांना हा नकाशा चक्रावून टाकेल. एकाच घरात होडी, छिन्नी आणि नांगर असू शकतो, मग तक्त्यात 'मुख्य व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं?

शिवाय मुलं येतात ती पावसाळ्यात. राज्यात 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, मांडव रिकामे, बंदरावर माणूस नाही. तेव्हा पाहिलेलं वरोर अर्धंच. बायका टोपल्या घेऊन पहाटे बाहेर पडतात ते वरोर बघायचं तर पुन्हा थंडीत यावं लागेल. अभ्यासक्रमाची वेळ भाताच्या हिशेबाने ठरते हे मी समजू शकतो. किनाऱ्यावरच्या गावांसाठी मात्र हिवाळ्यात आणखी एक मुक्काम असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मुलं इथे उपयोगी पडणार नाहीत असं मुळीच नाही. उधाणाचं पाणी बांध फोडून खाचरात शिरलं की जमीन खारावते. अशा जमिनीत तग धरणारे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे भाताचे वाण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल केंद्रानेच काढले आहेत. 1972 पासूनचं हे विद्यापीठ कोकणासाठीच आहे. कोणत्या खाचरात खारं पाणी कोणत्या भरतीला येतं, हे शेतकऱ्याने दाखवायचं आणि तिथे कोणता वाण टिकेल, हे मुलांनी सांगायचं. दोघांचं मिळून एक पीक उभं राहू शकतं.

माझा आग्रह त्यापुढच्या गोष्टीचा आहे. अंगणातली रांगोळी दुसऱ्या सरीत वाहून जाते. मुलं तिचा फोटो काढतात, कागदावर नकाशा उतरवतात, तो फाइलला लागतो, फाइल कॉलेजात जमा होते, गुण मिळतात. गावाकडे काही राहत नाही. ताराबाई आणि अनुताई कुरणात गेल्या आणि तिथेच राहिल्या. विद्यार्थ्यांकडून तसं मागता येणार नाही, पण त्यांच्या कागदाची एक प्रत मागता येईल. वरोरसारख्या गावाला तर ती फार लागणार आहे. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झाली. बंदर नको म्हणून या किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याआधी कित्येक वर्षं आवाज उठवला होता. मोठ्या प्रकल्पांचे नकाशे दूरच्या कचेऱ्यांत तयार होतात. त्यांत जेट्टी असते, रस्ता असतो, रेल्वे असते. बोंबलाचे मांडव कुठवर पसरतात, होडी ओढायची वाट कुठून जाते, कुठल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गोड राहतं, हे त्यांत आपोआप येत नाही. आजीने पुसून दुरुस्त केलेल्या नकाशात ते असतं.

म्हणून कृषिदूतांनो, कृषिकन्यांनो, निघण्याआधी तो नकाशा मोठ्या कागदावर नीट उतरवा. खाली तारीख घाला, ज्यांनी दुरुस्त्या सुचवल्या त्यांची नावं त्यांना विचारून लिहा, आणि ग्रामसभेत सगळ्यांना वाचून दाखवून ग्रामपंचायतीच्या दप्तरी त्याची नोंद करून घ्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या तुकडीने नवा नकाशा काढायच्या आधी हा मागून घ्यावा आणि त्यावरच पुढची दुरुस्ती करावी.