वयाने धाकटी, नावाने आई

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चौघा भावंडांत मुक्ता सगळ्यांत लहान. परंपरेनुसार शके 1219 मध्ये, विशीही गाठण्याआधी, तापीकाठच्या मेहूणला विजेच्या कडकडाटात ती गुप्त झाली. लग्न नाही, लेकरू नाही. तरी सातशे वर्षांनंतरही तिचं नाव ओठांवर येतं ते मुक्ताई म्हणून, आणि जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचंही पुढे मुक्ताईनगर झालं. या नावात आई कुठून आली?

मराठीने हा शब्द फक्त जन्मदात्रीसाठी कधी राखून ठेवलाच नाही. औंधची ती यमाई. पटकी आली की जिचा गाडा शिवेपार नेत, ती मरीआई. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येऊन कपाळी लेख लिहिते ती सटवाई. तिच्या नावात संस्कृत षष्ठी, म्हणजे सहावी तिथी, लपली आहे. त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवत. यांतली एकही नुसती मायाळू नाही. मरीआईचा तर धाकच जास्त. आपलं बरंवाईट जिच्या हाती, जिचा शब्द मोडता येत नाही, ती आई. मायेइतकाच अधिकारही या शब्दात आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

शेजारच्या कानडीत 'तायि' म्हणजे आई. आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. धाकट्यांना न्हाऊमाखू घालणारी, वेळेला दटावणारी थोरली पोर आईच्या जागी उभी राहते, हे घरोघरी पाहिलेलं आहे. मुक्तेच्या बाबतीत मात्र वयच उलटं.

लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. ताटी म्हणजे काय, तर बांबूकामट्यांचं साधं दार. ढकललं तर उघडेल. मुक्ता ते ढकलत नाही. बाहेर उभी राहून समजावते. जगाचा राग संताने सोसायचा असतो, हे ती थोरल्या भावाला सांगते आणि दार त्यालाच उघडायला लावते. ताटीचे अभंग ते हेच. त्यांत लाडही आहे, पण विनवणीहून आज्ञा अधिक.

ज्ञानदेवांना आपण माउली म्हणतो, विठ्ठलाला विठाई. माउलीतला 'माउ' प्राकृतातून आलेला, मूळ मातृ. म्हणजे पुरुषालाही हे पद मिळतं. ज्ञानदेवांना ते गीतेचा अर्थ मराठीत भरवल्याबद्दल मिळालं. मुक्तेचं आईपण वेगळ्या वाटेने आलं: चुकणाऱ्याला, मग तो कितीही थोर असो, तिने तोंडावर सांगितलं. गोरोबा कुंभारांना संतांची मडकी, म्हणजे डोकी, कच्ची की पक्की ते पाहायला लावलं तेही तिनेच, आणि नामदेव कच्चे ठरले. चौदाशे वर्षं जगल्याचं सांगतात त्या चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं, तेव्हा इतकं जगूनही हा कोराच राहिला, असं ती म्हणाली. पुढे त्याच चांगदेवांनी तिला गुरू केलं.