शिडी धरणारे हात

कल्याणहून येणारा रस्ता शीळफाट्याला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यास मिळतो आणि तेथूनच महापेची वाट फुटते. रात्रंदिवस मालमोटारींची रांग. कोणत्या ताडपत्रीखाली काय चालले आहे ते देवालाच ठाऊक, असे आमचे एक वृद्ध धर्मग्रामस्थ म्हणत असत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या या उद्गाराची आठवण आम्हांस वारंवार झाली. त्यास कारण झाल्या दोन माउल्या. रविवारच्या मिस्सेनंतर एकाच बाकावर बसणाऱ्या या दोघी एकाच आठवड्यात निरनिराळ्या वेळी आम्हांकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.)

पहिलीची लेक वकील आहे. इथे पदवी घेऊन ती अमेरिकेत गेली, तिथली परीक्षा उत्तीर्ण झाली आणि न्यू जर्सीत एका वकिली कार्यालयात लागली. तिच्याकडे येणारे अशील म्हणजे गांजाची लागवड करणाऱ्या, तो विकणाऱ्या परवानाधारक कंपन्या. "फादर, शेजारीपाजारी हसतात. गांजावाल्यांची वकील म्हणतात. ती पाठवते त्या पैशांतून मी देवळाला दिले तर चालेल का हो?"

दुसरीचा भाचा टेम्पोवर क्लीनर होता. मागे भरलेल्या गोण्यांत गांजा सापडला, वजन वीस किलोंच्या वर भरले. मुलगा आज आधारवाडीच्या कारागृहात आहे. गोण्यांत काय होते हे आपणांस ठाऊक नव्हते, असे तो म्हणतो. मावशीला त्याचे खरे वाटते. आम्हांलाही बरेचसे वाटते.

एकच वनस्पती. तिच्यापायी एकीला पगार आणि दुसऱ्याला गजाआडची कोठडी. हा भेद निव्वळ देशादेशांच्या कायद्याचा आहे, की त्यात पापपुण्याचाही काही प्रश्न आहे?

कायद्याचे आधी पाहू. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला अमलात आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांवाचून नुसती पाने असतील तर ती त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून भांगेचा विचार राज्याचे कायदे निराळा करतात. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोंच्या वर गेला की किमान दहा वर्षे. तेवढ्या वजनाच्या आरोपात जामीन द्यायचा तर आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण असल्याची न्यायालयाची आधी खात्री पटावी लागते. शिवाय आपणांस ठाऊक नव्हते हे आरोपीनेच सिद्ध करावयाचे असते. टेम्पोच्या क्लीनरने हे कशाच्या बळावर सिद्ध करावे? मालाचा धनी सहसा टेम्पोत बसत नाही.

हा कायदा होण्याआधी एका शतकापूर्वी, १८९३-९४ साली, इंग्रज सरकारने याच विषयावर एक आयोग नेमला होता. सात सभासदांत तीन हिंदी होते. हजारावर साक्षी झाल्या. माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिरेकाने होते, म्हणून सरसकट बंदीऐवजी कर आणि नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. सरकारला करांची गोडी होतीच, हे विसरता कामा नये. तरीही आज अमेरिकेतील राज्ये ज्या वाटेने चालली आहेत ती वाट अगदी नवी नाही, एवढे यावरून दिसते.

न्यू जर्सीत २०२१ साली कायदा झाला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये प्रौढांसाठी उघड विक्री सुरू झाली. मात्र १९७० च्या केंद्रीय कायद्याने हे झाड सर्वांत कडक अनुसूचीत टाकलेले होते. त्यामुळे राज्याने परवाना दिला तरी केंद्राच्या लेखी तो गुन्हाच, अशी विचित्र स्थिती उद्भवली. बँका खाती उघडावयास कचरू लागल्या. वकिलांची पंचाईत त्याहून मोठी. अशिलास गुन्हा करण्यास साह्य करू नये हा त्यांच्या व्यवसायाचा जुना नियम. मग परवान्याचा अर्ज लिहून देणारा वकील स्वतःच नियमभंग करतो काय? कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साली त्या नियमाला खास पुस्ती जोडावी लागली, तेव्हा कोठे तिथल्या वकिलांचा जीव भांड्यात पडला.

पण न्यायालयाने मोकळे केले म्हणजे सदसद्विवेकबुद्धीने मोकळे केले असे होत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. औषधोपचाराखेरीज अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध आहे आणि त्यांची चोरटी निर्मिती व व्यापार म्हणजे दुष्कृत्यात थेट सहभाग, असे धर्मशिकवणीचा ग्रंथ सांगतो. २०१४ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तथाकथित सौम्य अमली पदार्थांना कायदेशीर करण्यासही स्पष्ट विरोध नोंदविला होता.

आम्ही सेमिनरीत नैतिक ईशज्ञान शिकलो तेव्हा शिडीचे उदाहरण हमखास येई. मालक दुष्ट हेतूने परक्याच्या खिडकीवर चढतो आणि नोकर खाली शिडी धरतो. नोकर दोषी की निर्दोष? हा प्रश्न इतका वाजला की तसे साह्य निर्दोष ठरविणारे एक विधान १६७९ साली पोप इनोसंट ११ वे यांनी निषिद्ध ठरविले. पुढे संत आल्फान्सो लिगोरी यांनी याच प्रश्नाचा कीस काढला. आल्फान्सो स्वतः नेपल्सचे नामांकित वकील. १७२३ साली एक मोठा खटला हरल्यावर त्यांनी वकिली कायमची सोडली, तेव्हा हा माणूस शिडीवरच्यांना आणि खालच्यांना दोघांनाही ओळखत होता. दुष्ट हेतूत मनाने सामील होणे वेगळे आणि आपले स्वतःचे, एरवी निर्दोष असलेले काम दुसऱ्याने दुष्कृत्यास वापरणे वेगळे. पहिले कधीच क्षम्य नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आपण त्या कृत्याच्या किती जवळ उभे आहोत आणि आपले कारण किती सबळ आहे, हे तोलावे लागते.

शीळफाट्याच्या लोकांना हे पुस्तकी वाटू नये. ४ एप्रिल २०१३ रोजी येथील लकी कंपाउंडमध्ये एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे दगावली. पुढे अटक झाली ती केवळ बांधणाऱ्यांना नव्हे. पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही त्यांत होते. न्यायालयात कोणाचे काय ठरेल ते ठरो. पण अशी इमारत एकट्याच्या हाताने उभी राहत नाही.

आता त्या लेकीचे काम पाहू. तिने आईमार्फत आम्हांस सविस्तर पत्र पाठविले. तिचा निम्मा वेळ कामगार कायद्यात जातो. झाडांची छाटणी करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या माणसांना वेतन मिळते की नाही, जादा तासांचे पैसे कापले जातात का, ते ती पाहते. परवाना हवा तर कामगार संघटनेशी शांततेचा करार हवा, असा त्या राज्याचा दंडक आहे. केवळ तपासणीत अंश सापडला म्हणून कोणास कामावरून काढता येत नाही; कामावर असताना माणूस नशेत होता याचा निराळा पुरावा लागतो. पोप लिओ १३ वे यांनी १८९१ साली कामगाराच्या न्याय्य वेतनाविषयी जे लिहिले, त्यात त्याचा मालक सज्जन असलाच पाहिजे अशी अट नव्हती. वाईट धंद्यातल्या मजुराचीही मजुरी बुडवू नये. या कामाबद्दल आम्हांस शंका नाही.

उरलेला निम्मा वेळ ती परवाने, भागीदारीचे करार आणि जाहिरातींचे नियम पाहते. इथे आम्ही अडखळलो. मनुष्याचा कायदा प्रत्येक दुर्गुणास शिक्षा करू शकत नाही, समाज ज्यांच्यामुळे टिकणारच नाही असे मोठे अपराधच तो प्रामुख्याने रोखतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे. म्हणून एखाद्या राज्याने तुरुंगाऐवजी परवान्याची वाट धरली तर ते राज्य लगेच पापी ठरत नाही, आणि चोरट्या बाजाराच्या जागी नियमांत बांधलेला बाजार आणणाऱ्या वकिलाचे कारण अगदीच दुबळे नाही. परंतु गिऱ्हाईक वाढावे, तरुण वळावेत, माल अधिक कडक व्हावा यासाठी केलेली कलमे ती लिहीत असेल, तर ती शिडीला हात लावते आहे. तसे आम्ही तिला कळविले. नोकरी सोड असे सांगितले नाही. फायलींतून फाईल निवडून नाकारता येते का, आणि येत नसेल तर तिथे किती काळ राहावे, हे तिने ठरवावे. संत थॉमस वकिलांविषयीही हेच म्हणतात: दावा अन्यायाचा आहे हे मध्येच कळले तर अशिलाशी दगा करू नये, पण तो पुढे रेटूही नये.

आणि देवळाच्या पैशाचे? मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर 'आंटीचे अड्डे' चालले, त्यांतल्या पुष्कळ आंटी आपल्याच समाजातील विधवा, परित्यक्ता होत्या. त्यांनी वेदीवर लावलेल्या मेणबत्त्या कोणा धर्मगुरूने विझविल्याचे आम्ही ऐकले नाही. हसणाऱ्या शेजाऱ्यांपैकी किती जणांच्या आज्या त्यांत होत्या, हे आम्ही विचारत नाही. लेकीच्या वेतनातले पैसे आम्ही घेतले. मात्र ते देवळाच्या रंगकामाला न वापरता वेगळे ठेवले.

कारण दुसऱ्या माउलीचा प्रश्न अजून उरला होता. लेकीने इतके सगळे लिहिले. क्लीनरच्या बाजूने कोणी एक ओळ लिहिलेली नव्हती. गरिबाचा दावा घेण्यास प्रत्येक वकील प्रत्येक वेळी बांधलेला नाही, पण दुसरे कोणी जवळ नसेल तेव्हा तो बांधलेला आहे, असेही थॉमस यांनी त्याच प्रकरणात नोंदविले आहे. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील माणसाला विनामूल्य वकील मागण्याचा हक्क दिला आहे. त्या मावशीस तो ठाऊक नव्हता, आणि इतकी वर्षे प्रवचने करूनही तो तिला सांगावा हे आम्हांस सुचले नव्हते. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लिहून दिला. लेकीने पत्राच्या शेवटी विचारले होते, दोषारोपपत्राची प्रत पाठवता येईल का. तिला इथे उभे राहता येणार नाही, पण वाचता येईल. प्रत काढण्यास आणि टपालास त्याच वेगळ्या ठेवलेल्या पैशांतले काही लागले. पुढली तारीख महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आहे. त्या दिवशीची सकाळची मिस्सा आम्ही संध्याकाळी ठेवली आहे.