उणिवेची कबुली

आपली उणीव वेळींच सांगून काम थांबविणारा मनुष्य बरा, कीं ती झांकून काम पार पाडणारा? व्यवहार बहुधा दुसऱ्याचीच पाठ थोपटतो. परंतु एका माजी विद्यार्थ्याच्या अनुभवानें आम्हांस या प्रश्नाचा पुन्हां विचार करावयास लाविलें.

हे गृहस्थ महाड औद्योगिक वसाहतींतील एका रासायनिक कारखान्यांत नोकरीस आहेत. पिंपांवरील धोक्याच्या सूचना कामगारांस मराठींत वाचावयास मिळाव्यात, म्हणून चिठ्ठ्या छापणारा एक लिनक्स प्रोग्रॅम त्यांनीं सोर्स कोडपासून बांधावयास घेतला. आरंभींच्या तपासणींतच यंत्र अडलें: हार्फबझ सांपडत नाहीं! हार्फबझ ही अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी. इराणांत जन्मलेले बेहदाद इस्फहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. मौज ही कीं, ती त्या यंत्रावर होतीच; तिच्याच बळावर पडद्यावर मराठी नीट दिसत होती. नव्हत्या त्या तिच्या हेडर फाइली, म्हणजे बांधणाऱ्यास लागणारें तिच्या अंगोपांगांचें वर्णन. डेबियनमध्यें त्या 'डेव्ह' असें शेपूट लावलेल्या निराळ्या पॅकेजांत असतात. फळ खाणाऱ्याचें झाडावांचून अडत नाहीं; लावणाऱ्याचें अडतें.

मार्ग दोन होते. 'लिबहार्फबझ-डेव्ह' मागवून तपासणी पुन्हां चालविणें हा एक. हार्फबझ वगळण्याचा पर्याय देऊन पुढें जाणें हा दुसरा. घाईपोटीं त्यांनीं दुसरा धरिला. यंत्रानें निमूटपणें प्रोग्रॅम बांधून दिला. पहिली चिठ्ठी छापली, तों 'विष' या शब्दांतील वेलांटी 'व'ला सोडून 'ष'ला जाऊन चिकटलेली, आणि पिंपावर लावावयाचा शब्द झाला 'वषि'! तेव्हां त्यांनीं ती बांधणी टाकून दिली, पॅकेज मागविलें आणि पुन्हां आरंभ केला. आणखी दोन उणिवा निघाल्या; त्याहि एकेक करून भरून काढिल्या.

कोणी म्हणेल, प्रत्येक उणिवेसाठीं थांबूं लागल्यास जगांत कोणतेंच काम तडीस जावयाचें नाहीं. आक्षेप खरा आहे. याच प्रोग्रॅमांत ध्वनीची सोय असती आणि ती वगळली असती, तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. म्हणून वगळावें कीं नाहीं, हा प्रश्नच अपुरा. वगळल्याचा तोटा कोणाच्या माथीं बसणार, हें विचारिलें पाहिजे. येथें वेळ वांचत होता बांधणाऱ्याचा आणि जीव धोक्यांत येत होता वाचणाऱ्याचा.

याच महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरांत कोसळला आणि त्यावरून जाणारीं माणसें वाहनांसह वाहून गेलीं. दगडाला आपली उणीव बोलून दाखवितां येत नाहीं. जेथें ती बोलून दाखविली जाते, तेथें तरी आपण ऐकावें, आणि सांगणाऱ्यावर रागावूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.