प्रतिमेचा नकार

तमाशाच्या अभिलेखागाराने नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग (मृत्यू २००२) यांची नाचती प्रतिमा ऑगमेंटेड रिॲलिटीद्वारा, मोबाइलच्या पडद्यातून, तिथल्याच मैदानावर उभी करावी काय? प्रयोग चालू असता त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही कथा गौरवाने सांगितली जाते. त्या गौरवात प्रेक्षकाची मागणी मात्र निरपराध ठरते. फडातली कलावंत निदान प्रेक्षकाकडे पाहते, त्याला जबाब देते, क्वचित त्याची फजितीही करते. प्रतिमा बोटाच्या इशाऱ्यावर नाचते. नकाराचा अधिकार तिच्यापाशी नाही. गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी ठरवायला ज्या राहुट्यांत येतात, त्या राहुट्या, तो व्यवहार अवश्य दाखवावा (तोही तमाशाच आहे!), विठाबाईंची जागा मात्र रिकामी ठेवावी.