किल्ली कुणाकडे?

आमच्या घरी बंदूक आहे, असं पुण्यात सांगितलं की मित्र चमकतात. त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली बंदूक असते. आमची तशी नाही. ठासणीची आहे, आजोबांनी पीक राखायला घेतलेली. हिवरा आश्रमच्या शिवारात रात्री रोह्यांचा कळप हरभऱ्यात उतरला की सकाळी नुसती खुरांची भोकं उरतात. अशा वेळी हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. 1959 च्या शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

यंदा विवेकानंद जयंतीला गावी गेलो. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या आश्रमात पंगतीत बसून पुरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. घरी आलो तर बाबांनी समोर कागद ठेवले. परवानाधारक 70 वर्षांचा झाला की हयातीतच वारसाच्या नावावर परवाना करण्याची मागणी करता येते, अशी सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. बाबा सत्तरीला पोचले, आता नाव माझं. सोबत एक हमी लिहून द्यायची : बंदूक सुरक्षित ठेवीन.

हे वाक्य लिहायला पेन उचललं आणि थांबलो. आमच्या घरात बंदूक सुरक्षित होती ती कशामुळे?

आजोबांच्या वेळेपासूनची पद्धत अशी. बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर. दारू दुसऱ्या खोलीत, चुलीपासून लांब. आणि टोप्या, ज्यांच्यावाचून बार उडतच नाही, त्या आजीच्या ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप, किल्ली आजीच्या कंबरेला. लहानपणी मी विचारलं होतं, आपल्याकडे चोर कुठून येणार? ती म्हणाली, "चोर येईन तं रातीच येईन बाबू. राग तं कवाबी येते."

म्हणजे कुलूप बाहेरच्यासाठी नव्हतंच. घरातल्यांसाठी होतं.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. काढणीला आलेला हरभरा मातीत गेला. कर्ज होतंच. एका रात्री दोनच्या सुमारास बाबा उठले आणि आजीजवळ जाऊन म्हणाले, "टोप्या दे."

"कायले?"

"रोही आलेत."

शेतात रोह्यांनी खावं असं काही उरलेलं नव्हतं. मी शेजारच्या खाटेवर जागा होतो, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आजी म्हणाली, "किल्ली सापडत नाही. सकाळी पाहू." मग तिने चूल पेटवली, चहा टाकला, आणि दोघं उजाडेपर्यंत ओसरीत बसून राहिली.

बंदूक बाबांच्या नावावर. परवाना त्यांचा, वय 59. जाणत्या माणसाला त्याचीच वस्तू नाकारायचा आजीला काय अधिकार होता? आपण, विशेषतः आपली पिढी, स्वातंत्र्याबद्दल खूप बोलतो. माझ्या आयुष्याचा निर्णय माझा. ते मला पटतंही. पण रात्री दोनला टोप्या मागणारा माणूस आणि सकाळी म्हशीला वैरण टाकणारा माणूस, यांतला 'मी' कोणता?

श्रीलंकेत सरकारने 1995 पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लोकांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. फक्त त्या घटकेला हाताशी असलेली वस्तू कमी घातक झाली होती. तो आवेग अनेकदा थोड्याच वेळाचा असतो. तेवढा वेळ निघून गेला की माणूस उरतो.

सरकारलाही हे एका मर्यादेत कळतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात, कारण वातावरण तापलेलं असतं. घर तापतं तेव्हा मात्र कुठली आचारसंहिता लागत नाही. ते काम आमच्याकडे एका म्हातारीने केलं. परवान्यावर तिचं नाव नव्हतं, आणि हे ओझं तुला पेलतं का, असं तिला कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही. ती 2019 मध्ये गेली.

कागद समोर होते म्हणून धीर करून बाबांना त्या रात्रीबद्दल विचारलं. पहिल्यांदाच.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किल्ली तिच्या कंबरलेच होती. दिसत होती मले."

"मंग?"

"मंग काय. चहा पेलो."

इतकी वर्षं मला वाटत होतं की आजीने त्यांना फसवलं. तसं नव्हतं. त्यांनी नकार ऐकला आणि दुसऱ्यांदा मागितलं नाही. कुणीतरी आपल्याला अडवावं, हे त्यांनाही हवं होतं. अशा नकाराने स्वातंत्र्य जातं, असं मला आता वाटत नाही. सकाळपर्यंत ते जपून ठेवलं जातं.

मी हमीपत्र भरलं नाही. पुण्यात माझ्याकडे लोखंडी कपाट आहे, कुलूपही चांगलं आहे. पण मी मागितली तरी किल्ली देणार नाही असं माणूस माझ्या खोलीत नाही. बंदूक ठाण्यात जमा करायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

निघण्याआधी गोठ्यात गेलो. फळीवर फवारणीचं औषध उघडंच होतं, चार बाटल्या. त्यांना ना परवाना लागतो, ना हमीपत्र. आजीची ट्रंक रिकामीच पडून होती. बाटल्या तिच्यात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. या वेळी आधी तिला विचारलं.