तृप्तीचा निरोप

पोट जठरात भरते आणि तृप्ती मात्र दुसऱ्याच ठिकाणी होते, हा भेद आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल देहाचे आठ दोष सांगितले आहेत आणि त्यांत आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिस्वेद यांच्याबरोबरच अतिमात्र भूक आणि अतिमात्र तहान यांचीही गणना केली आहे. ज्याच्या देहात मेदाचा संचय सर्वांत मोठा, त्यालाच भूक अधिक, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. कोठार भरलेले असताना तृप्ती का होऊ नये, हा प्रश्न, साधकहो, मी पुष्कळ वर्षे मनात घोळवत आलो आहे.

चरकांनी कारण आपल्या परिभाषेत दिले: मेदाने मार्ग रोधला गेलेला वायू कोष्ठात संचार करतो आणि अग्नी चेतवतो. आजच्या संशोधनाचे शब्द वेगळे आहेत आणि दोहोंना ओढूनताणून एक करण्यात कोणाचाच सन्मान नाही. पण प्रश्न तोच आहे. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने उंदरातील एक जनुक शोधून काढले, आणि त्या जनुकापासून बनणारे संप्रेरक मेदपेशीच निर्माण करतात असे दिसले. त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. तोवर निव्वळ साठवण म्हणून पाहिला गेलेला मेद त्या दिवसापासून बोलता झाला. खरे तर आपण त्याला सप्तधातूंत स्थान दिले होते, म्हणजे देह धारण करणाऱ्यांत, टाकाऊ पदार्थांत नव्हे.

तो बोलतो कोणाशी? मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसशी, ज्याला मराठीत अधश्चेतक म्हणतात. मेद वाढला की रक्तातील लेप्टिन वाढते, ते तेथील भूक चेतवणाऱ्या पेशींना आवरते आणि तृप्ती आणणाऱ्या पेशींना जागे करते. मेद घटला की उलट घडते. म्हणून तृप्ती ही केवळ घासांची बेरीज राहत नाही, देहाच्या संचयाने मेंदूला धाडलेला तो निरोप ठरतो. ज्या मोजक्या मुलांत जन्मतः लेप्टिन बनतच नाही, त्यांची भूक कशानेच शमत नाही, आणि त्यांना हे संप्रेरक टोचले की भूकही शमते व वजनही उतरते. सामान्य स्थूल माणसाला तेच दिल्यावर मात्र अपेक्षित गुण आला नाही, कारण त्याच्या रक्तात निरोप आधीच भरपूर असतो आणि अखंड वाजणाऱ्या घंटेची सवय झालेल्या कानाप्रमाणे मेंदू तो ऐकेनासा होतो. चरकांनी नोंदवलेली भूक येथे पुन्हा भेटते: संचय आहे, निरोप आहे, श्रवण नाही.

पण तृप्तीचा हा दूत केवळ भुकेचे काम करून परतत नाही. स्मृतीचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्येही लेप्टिन ग्रहण करणाऱ्या जागा आहेत, आणि प्रयोगशाळेत ते तेथील पेशींमधले दुवे बळकट करताना दिसते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासात 785 वृद्धांचा मागोवा घेऊन 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्यांचे लेप्टिन सर्वांत कमी त्यांना बारा वर्षांत अल्झायमर होण्याचा धोका 25 टक्के आणि ज्यांचे सर्वांत अधिक त्यांना 6 टक्के असा आढळला. येथे घाई नको. हा रोग प्रकट होण्याच्या कितीतरी आधीपासून वजन उतरू लागते, त्यामुळे कमी लेप्टिन हे कारण की रोगाची चाहूल, हे एवढ्याने ठरत नाही. आणि मध्यम वयातला पोटाचा घेर मात्र पुढच्या स्मृतिभ्रंशाशी जोडलेला दिसतो. पोटातील मेदातून दाह वाढवणारे पदार्थ स्रवतात, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिजतात, आणि अ‍ॅडिपोनेक्टिन हे मेदाचेच हितकारी संप्रेरक मेद वाढताना घटत जाते.

हा विषय आपल्या अगदी घरचा का आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून कळते. 2004 च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी आहे. दोघांचा देहभारांक (बीएमआय) 22.3, दिसायला दोघेही सडपातळ. परंतु युडकिन यांच्या देहात मेद 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात 21.2 टक्के. पुणे परिसरातील सहा गावांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5, आणि त्या चिमुकल्या देहांत स्नायू कमी असले तरी पाठीच्या त्वचेखालचा मेद त्या मानाने राखलेला होता. नाळेच्या रक्तातील लेप्टिनही वजनाच्या हिशेबाने अधिक निघाले. 2004 मध्येच उंदरांवरील कामातून दिसले की जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत लेप्टिन अधश्चेतकातील तंतूंची जुळणी घडवते, म्हणजे तृप्तीचा दूत स्वतःचा श्रोता आधी घडवून घेतो. माणसात हे कितपत तसेच घडते ते अजून उलगडायचे आहे, पण आपल्या गर्भवती लेकीसुनांच्या पोषणाकडे या दृष्टीने पाहणे मला अगत्याचे वाटते.

सडपातळ दिसणाऱ्या देहातही मेद असा अधिक असू शकतो, म्हणून आपल्या लोकांसाठी कंबरेची मर्यादाही वेगळी ठरली आहे, पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80. रात्री उशिरा ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकावर उतरणाऱ्या आणि पहाटे पुन्हा ठाण्याहून लोकल धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते: अपुऱ्या झोपेत लेप्टिन उतरते आणि भूक चढते, असे काही प्रयोगांत आढळले आहे. त्याला तृप्ती मिळत नाही ती जिभेच्या लोभानेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आणि उपवास? उपवासाच्या पहिल्या एकदोन दिवसांतच लेप्टिन झपाट्याने खाली येते, मेदाचा संचय मात्र जवळजवळ तेवढाच असतो. एकादशीच्या संध्याकाळची भूक म्हणजे बव्हंशी आवक थांबल्याचा निरोप, कोठार रिते झाल्याचा नव्हे. त्या भुकेला हाक ऐकावी तसे ऐकावे आणि लगेच उठू नये, हा अभ्यास आपल्या वारकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे, आणि तृप्तीला नामस्मरणाशी जोडण्यामागे त्यांचे जे अनुभवाचे बळ आहे ते मला कोणत्याही मापनाइतकेच मोलाचे वाटते. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून निरंकार उपवास करू नये. त्यांची साखर एकदम उतरू शकते, आणि तो निरोप थांबून ऐकण्याजोगा नसतो.